तीनशे चौदावं कार्ड

सोलापूर,
१७ सप्टेंबर १९७८

आत्या,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते. पण मला पहिलं पत्र लिहायला शिकवताना तू विचारलं होतंस, "कागदावर आडवं पडून नमस्कार कसा घालणार गं?" तेव्हा हा उभ्यानेच.

तुझा पत्ता मायाक्काने आणला. ती अजून आपल्याकडेच सुताच्या कांड्या भरते. पुतणीच्या लग्नाला बार्शीला गेली होती, तिथल्या बाजारात तू तिला दिसलीस. "वसतिगृहातल्या पोरींस्नी शिवण शिकवत्यात आत्याबाई," ती सांगत होती. "वाळल्यात जरा. पर चालणं तसंच हाय, समोरच्यानं बाजूला व्हायचं." तिने पत्ता बाजारातच विचारून घेतला, पण तुझ्याशी बोलली नाही, म्हणून आता स्वतःवरच चिडली आहे. मला मात्र फार बरं वाटलं. तीन वर्षांत तुझ्याबद्दल कानावर आलेलं हे पहिलंच काही.

हे पत्र मी अण्णांना न विचारता लिहिते आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवल्यासारखं होणार नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते. उठून मागावर जाऊन बसले असते आणि धोटा जोरात मारला असता. तुझं नाव निघालं की ते असंच उत्तर देतात.

घरी सगळे बरे आहेत. मोराची चादर अजून खपते, पण मोराला डोळा नाही. तू गेल्यापासूनच. डोक्याच्या चार ओळी गेल्या आहेत, त्यामुळे डोकंही जरा चपटं झालं आहे. उंदरांनी नक्षीची कार्डं नेली, असं अण्णा म्हणतात. मधे कार्डं जुनी झाली म्हणून नवा संच पाडून घेतला, तोही त्यावरूनच, म्हणून नवा मोरही आंधळा. परवा अक्कलकोटच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, "महादेवप्पा, तुमचा मोर डोळे मिटून का बसलाय?" अण्णा म्हणाले, "चादर कशाला घेता? झोपायला. तुम्ही झोपणार आणि मोरानं जागं राहायचं काय?" व्यापारी हसत हसत दोन गठ्ठे जास्तीचे घेऊन गेला. अण्णा हसले नाहीत.

आता माझी बातमी. पलीकडच्या गल्लीत गोदावरीबाई राहतात, चित्रकला शिकवतात. दसऱ्यानंतर वाचनालयाच्या दिवाणखान्यात त्या एक प्रदर्शन भरवणार आहेत, टाकाऊतून टिकाऊ. अट एकच, एकही वस्तू नवी आणायची नाही. मायाक्का ताण्याच्या सुताच्या कापून टाकलेल्या टोकांचे पक्षी करते आहे आणि चिंध्यांचा एक हत्ती. हत्तीची सोंड म्हणजे मोडकी कांडी. मी दोन आकाशकंदील केले, माळ्यावर टाकून दिलेल्या कार्डांचे.

गोदावरीबाईंना कार्ड म्हणजे काय ते सांगावं लागलं. लांबट पुठ्ठा, त्याला भोकं. भोक असेल तिथला धागा मागावर उचलला जातो. एक कार्ड म्हणजे चादरीतली एक ओळ, आणि एका मोराला साडेचारशे कार्डं, दोरीने माळेसारखी बांधलेली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मोर भोकांतच बसलेला असतो?" मी म्हटलं, हो. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

काल खोलीची दारं लावून एका कंदिलात बारका बल्ब लावला. आत्या, भिंतभर, छतभर, आईच्या पदरावर, माझ्या हातांवर उजेडाचे ठिपके! मायाक्का दारातच थबकली. "अगं बया, भिंतीस्नी देवी आल्या की!" मग ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आई सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते आहे, "आमच्या यशोदेनं केराचं चांदणं केलं."

कार्डं कुठल्या नक्षीची होती, ते मी पाहिलं नाही.

तुझी
यशोदा


सोलापूर,
२८ सप्टेंबर १९७८

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. पण मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला झोपू देत नाही. कार्डं कुठल्या नक्षीची होती ते "पाहिलं नाही" असं मी लिहिलं. खरं असं की, पाहिलं तर ठेवून द्यावी लागतील अशी भीती वाटली, म्हणून पाहिलं नाही.

ती मोराची होती. तुझा पहिला संच.

कसं कळलं तेही लिहिते. कार्डांच्या कडा तेलकट आणि झिजलेल्या होत्या, म्हणून दोन कंदिलांसाठी अठ्ठेचाळीस कार्डांच्या कडा मी कापल्या आणि चुलीजवळच्या टोपलीत टाकल्या. सकाळी आई त्यांवर चूल पेटवत होती. तिच्या हातातल्या तुकड्यावर मला एक तीन दिसला. उलटा तीन. पोट डावीकडे आणि शेपूटही डावीकडे.

असा तीन अख्ख्या सोलापुरात मी एकटीच काढायची.

मी टोपलीच ओढून घेतली. आई ओरडली, "अगं, भाकरी व्हायची आहे!" उरलेल्या कडा फरशीवर मांडल्या. एक ते अठ्ठेचाळीस. सहा वर्षांची होते मी. तू कार्ड पाडायचीस, मी काठावर शाईने आकडा घालायची. शाळेत घालण्याआधीची माझी शाळा तीच. एक ते साडेचारशे मी मोराच्या पाठीवर शिकले. तू एकदाही माझा तीन खोडला नाहीस. शेजारी बारीक अक्षरात नीट तीन काढून ठेवायचीस. तेराव्यावर, तेविसाव्यावर, प्रत्येक ठिकाणी तुझा छोटा तीन आहे. त्रेचाळीसवर नाही. तिथे माझाच सरळ आला आहे आणि तू बाजूला टिंब देऊन ठेवलं आहेस. शाबासकीचं टिंब. ते तेव्हाही कळलं होतं.

दोन कडा जळल्या. सात आणि एकोणीस. बाकीच्या शेहेचाळीसपैकी पंचेचाळीस मी पाटीखाली दाबून ठेवल्या आहेत. त्रेचाळीसवी या पाकिटात घालते आहे. ती तुझ्याकडे असावी.

मग मी माळ्यावर चढून उरलेली माळ मोजली. तीनशे अकरानंतर एकदम तीनशे सोळा. मधली चार नाहीत. डोळ्याचीच. पण आत्या, उंदरांनी नेली असती तर दोरी कुरतडलेली असती. इथे तर दोरी सोडून परत बांधली आहे, आणि गाठ दुहेरी आहे, टोक आत खोचलेली. अशी गाठ उंदीर मारत नाहीत. अण्णांनाही येत नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. विचारतही नाही. फक्त मला दिसलं, हे तुला माहीत असावं.

तुझ्या मोराची मोडतोड केल्याबद्दल मला काय शिक्षा ते तू लिही. काहीच लिहिलं नाहीस तर ती फार मोठी होईल.

यशोदा


सोलापूर,
९ ऑक्टोबर १९७८

आत्या,

मी पोस्टमनला इतक्यांदा विचारलं की आता तो लांबूनच मान हलवतो.

एक अडचण आली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. काल गोदावरीबाई कंदील पाहायला आल्या. हरखून गेल्या. म्हणाल्या, दिवाणखान्यात मधोमध हेच लावायचे. पिशवीतून चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाल्या, "कलाकाराचं नाव सांग. कुमारी यशोदा, पुढे?"

कापणं माझं, घड्या माझ्या. पण लोक बघणार ती भोकं. ती तू एक एक करून पाडलीस, हाताने, दोन पावसाळे. उजेड येतो तो तुझ्या भोकांतून येतो.

मायाक्का शेजारी बसून हत्तीला शेपूट लावत होती. ती म्हणाली, "बाई, माझं नाव घाला की मोठ्या अक्षरांत. मला वाचता येत न्हाय, म्हंजी लाज बी वाटायची न्हाय." गोदावरीबाई हसल्या. मी म्हटलं, "मी परवा सांगते."

तुला ठाऊक आहे मला काय आठवलं. मी पंधरा वर्षांची होते आणि त्या बक्षिसाच्या मांडवात बायकांच्या बाजूला तुझ्या शेजारी बसले होते. "मोराच्या नक्षीचे कर्ते" असं म्हणून अण्णांचं नाव पुकारलं. अण्णा उठले. दोन पावलं गेले, थांबले, मागे वळून आपल्याकडे पाहिलं. मग लोकांनी पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकललं आणि ते गेले. तू टाळ्या वाजवल्यास. मीही वाजवल्या. आकडे मी घातले होते, मोर कुणाचा ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सोमवारी तू बार्शीच्या एस.टी.त बसलीस. घरात कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नव्हतं.

ते प्रशस्तिपत्र अजून कारखान्यात आहे. अण्णांनी त्याच्यासमोर सुताच्या पेट्या रचल्या आहेत. अर्धीच चौकट दिसते.

कंदील परत घ्यावा असंही मनात आलं. मायाक्काला तसं म्हटलं, तर ती उखडली. "आत्याबाईंचं कोंडून ठिवलंय तीन वर्सं, आता उजेडात येतंय तर परत माळ्यावर टाकतीस व्हय? शिकली-सवरलेली पोर हायेस का कोण?"

म्हणून उद्या मी गोदावरीबाईंना चिठ्ठीचा मजकूर देणार आहे. तो असा:

भोकं: सुंदरम्मा. आकडे व घड्या: यशोदा. पक्षी व हत्ती: मायाक्का.

"आकडे" घालावं की नाही, यावर तासभर विचार केला. पण ते खरंच मी घातले होते. राहू दे.

भीती एवढीच की अण्णा प्रदर्शनाला येणार आहेत. नवा सदरा धुऊन ठेवायला सांगितला आहे त्यांनी. माझं नाव वाचायला.

यशोदा


सोलापूर,
१६ ऑक्टोबर १९७८

आत्या,

बस, खाली बस आणि मग वाच.

काल प्रदर्शन झालं. गर्दी इतकी की वाचनालयाच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग. जुन्या डब्यांच्या समया होत्या, फुटक्या बांगड्यांचं तोरण होतं, कुणी सायकलच्या ट्यूबचं कासव केलं होतं. पण लहान मुलं मायाक्काच्या हत्तीपासून हलेनात. एका मुलीने विचारलं, "हा चावतो का?" मायाक्का म्हणाली, "न्हाय गं, त्यो शाकाहारी हाय. आमच्या मालकाच्या चिंध्या खातो."

साडेसहाला गोदावरीबाईंनी खिडक्यांचे पडदे ओढले आणि दोन्ही कंदील लावले. बोलणी एकदम थांबली. मग सगळे हात पुढे करायला लागले, आपापल्या तळव्यावर ठिपके झेलायला. म्हातारी माणसंसुद्धा! एक आजोबा टोपी काढून टोपीत ठिपके गोळा करत होते.

तेवढ्यात अण्णा आले. पांढरा सदरा घातला होता आणि त्यावर ठिपकेच ठिपके. ते कंदिलाकडे पाहत उभे राहिले. विणकर ना ते, त्यांना भोकं वाचता येतात. मी पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते, ओळी मोजल्यासारखे. मग खाली वाकून त्यांनी चिठ्ठी वाचली. तुला माहीत आहे ते हळू वाचतात. मला वाटलं हा वेळ संपणारच नाही.

शेजारी दोन गल्ल्या पलीकडचे सिद्धप्पा मागवाले उभे होते. त्यांनीही चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "काय महादेवप्पा, ही तर मोराची कार्डं. मोर तुमचा ना? चिठ्ठीत चूक झालीय बघा."

अण्णा म्हणाले, "चिठ्ठी बरोबर आहे."

"पण ते बक्षीस..."

"बक्षीस चुकलं होतं," अण्णा म्हणाले. "मी धोटा मारणारा माणूस. मोर माझ्या बहिणीचा. सुंदरीचा." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुंदरम्मा. सध्या बार्शीला असते."

सिद्धप्पांनी परत वाकून चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "तरीच मी म्हणतो, तुमच्या डोक्यात मोर आला कुठून!" सगळे हसले. आत्या, अण्णाही हसले. तीन वर्षांनी मी त्यांचे वरचे दात पाहिले.

घरी येताना ते एकदाच बोलले, "पोरी, उंदीर नव्हते ते." मी म्हटलं, "माहीत आहे मला. गाठ पाहिली मी." ते म्हणाले, "मी पण. ती गेली त्याच दिवशी." मग बरंच चालल्यावर, "ती चार कार्डं मला पाडता आली असती. वाईट पाडली असती, पण पाडली असती. तिचा डोळा मी कसा पाडू?"

आज सकाळी त्यांनी मोराचा माग थांबवला. व्यापाऱ्याला निरोप धाडला, आंधळा मोर आता विणायचा नाही. प्रशस्तिपत्र उतरवून काच पुसली आणि मला म्हणाले, "नाव खोडून तिचं घाल." मी म्हटलं, अण्णा, छापलेल्या कागदावर असं खोडणं बरं दिसत नाही. "मग काय करायचं?" ते म्हणाले. मी शेजारी बारीक अक्षरात तुझं नाव लिहिलं, तू माझ्या तीनच्या शेजारी लिहायचीस तसं.

तुला ये म्हणायचा मला हक्क नाही. कार्डं पाठव असंही म्हणत नाही, ती तुझी आहेत. माग थांबलेला आहे, एवढंच कळवते.

यशोदा


सोलापूर,
२५ ऑक्टोबर १९७८

आत्या, आत्या, आत्या,

तुझं पार्सल काल दुपारी आलं. पोस्टमनने लांबूनच मान हलवली, पण या वेळी वर-खाली!

शिवणाच्या कापडात गुंडाळलेली तीन कार्डं. तीनशे बारा, तीनशे तेरा, तीनशे पंधरा. एकाचीही कड दुमडलेली नाही. तीन वर्षं तू ती कुठे ठेवली होतीस? मायाक्काने ती आधी कपाळाला लावली आणि मग विचारलं, "चौथं कुटं हाय?"

तुझी चिठ्ठी मी मोठ्याने वाचली. ती मला पाठ झाली आहे, तरी लिहिते, कारण ती लिहिताना बरं वाटतं:

"कापलेल्या कार्डांचं मनाला लावून घेऊ नकोस. पाठवलेल्या कडेवरून दिसतं की कात्री बोथट होती. कापायचं तर नीट कापावं. कंदिलासाठी कार्डं उलटी लावलीस का सुलटी? सुलट बाजूने भोकाची कड स्वच्छ असते, ठिपका गोल पडतो. तीनशे चौदा मी स्वतः घेऊन येते. बुबुळ त्यात आहे, ते पोस्टाने पाठवायचं नसतं. शनिवारी अकराच्या गाडीने."

आत्या, मी उलटी लावली होती. आता सगळे कंदील उसवून पुन्हा नव्याने करते आहे. दिवाळीसाठी गल्लीतल्या अकरा घरांनी मागितले आहेत. जुनी कार्डं आम्हाला दारोदारच्या मागांवरून मिळतात, तुझ्या मोराला मी परत हात लावलेला नाही. मायाक्का म्हणते, पूर्वी लोक तिला कांडीवाली म्हणायचे, आता हत्तीवाली म्हणतात, आणि तिच्या नवऱ्याला हत्तीवालीचा नवरा. त्याला ते फार आवडलेलं नाही.

चिठ्ठी ऐकून अण्णा उठले. कारखान्यात गेले. मला धोट्याचा आवाज येईल असं वाटलं, पण आला नाही. जाऊन पाहिलं तर ते स्टुलावर चढून माळ सोडत होते. तीनशे अकरापर्यंत सोडली, पुढची तीन कार्डं बांधायला म्हणून हातात घेतली, आणि परत खाली ठेवली. म्हणाले, "नको. माझी गाठ सुटते." आता दोरीची दोन टोकं लोंबत आहेत आणि खाली पाटावर तीन कार्डं ओळीने मांडलेली. मधे एकाची जागा मोकळी. सकाळ-संध्याकाळ ते तिथली धूळ झटकतात, धूळ नसली तरी.

या पत्रात खाली एक ओळ लिहा म्हणून मी त्यांना पेन दिलं. बराच वेळ धरून बसले. मग लिहिलं आहे ते तुला खाली दिसेलच. मी शुद्धलेखन सुधारलेलं नाही.

शनिवारी मी साडेनवालाच स्टँडवर येऊन थांबेन. गाडी अकराला येते ते मला ठाऊक आहे. तरी. मोराला अजून दिसत नाही, तेव्हा त्याच्या वाटणीचंही मलाच बघायचं आहे.

तुझी
यशोदा

सुंदरी
गाठ तु मार.
महादेव